रस्त्याच्या हद्दीपलीकडे

पीण्या औद्योगिक क्षेत्र बंगळूरच्या वायव्येला, तुमकूर रस्त्यालगत पसरलेले आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात वसलेली ही वसाहत आशियातील मोठ्या लघुउद्योग वसाहतींपैकी एक मानली जाते. लेथ आणि सीएनसी यंत्रांवर सुटे भाग काढणारी वर्कशॉप, पावडर कोटिंगचे आणि प्लेटिंगचे कारखाने, तयार कपड्यांची युनिट, पॅकिंगची गोदामे असा हा सगळा पसारा आहे. त्यातले बहुतेक उद्योग दुसऱ्या मोठ्या कंपनीसाठी जॉब वर्क करतात. जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंच आणि जवळजवळ सपाट आहे. खाली पृथ्वीवरच्या अतिप्राचीन खडकांपैकी एक, दक्षिण भारताचा नाइस खडक आहे. येथे दरड कोसळण्याजोगा डोंगर नाही आणि सर्वांत जवळचा समुद्र अडीचशे किलोमीटरहून दूर आहे. दरडी आणि किनाऱ्याची धूप हे विषय पीण्याच्या कोणत्याही कारखानदाराला दुसऱ्याच्या गावचे वाटावेत अशीच ही जागा आहे. तरीही या दोन्ही आपत्तींशी पीण्याचा संबंध थेट आहे, आणि तो रस्त्यावरून येतो.

पीण्यासमोरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ तुमकूर, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करत पुण्या-मुंबईकडे जातो. पीण्याच्या पुढे नेलमंगलला त्यातून महामार्ग ७५ फुटतो आणि हासन, सकलेशपूर ओलांडून शिराडी घाटाने मंगळूरला, म्हणजे नव मंगळूर बंदराला उतरतो. हुबळीहून महामार्ग ५२ अरबैल घाटाने अंकोल्याला समुद्राशी भिडतो, आणि तेथे त्याला गोवा व कोकणातून येणारा महामार्ग ६६ मिळतो. पठारावरून पश्चिमेच्या समुद्राकडे जाणारा यांतला कोणताही मार्ग घ्या, सह्याद्रीची कड उतरल्यावाचून गत्यंतर नाही. नऊशे मीटरची उंची काही मोजक्या घाटांत उतरायची असते, आणि देशातील सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या पट्ट्यांपैकी एकात हे घाट आहेत.

जुलै २०२४ मध्ये हे सगळे मार्ग एकापाठोपाठ एक अडखळले. १४ जुलैला रत्नागिरी जिल्ह्यात खेडजवळ दिवाणखवटी येथे कोकण रेल्वेच्या रुळांवर माती आली. १६ जुलैच्या सकाळी उत्तर कन्नड जिल्ह्यात, अंकोला तालुक्यातील शिरूर येथे महामार्ग ६६ वर अख्खा डोंगरउतार खाली आला. त्याच आठवड्यात सकलेशपूर तालुक्यात दोड्डतप्पलु येथे महामार्ग ७५ वर दरड उतरली आणि शिराडी घाटातील वाहतूक पुन्हा पुन्हा बंद पडली. २६ जुलैला यडकुमेरी आणि कडगरवळ्ळी या स्थानकांदरम्यान बंगळूर-मंगळूर रेल्वेमार्गाखालचा भराव खचला आणि गाड्या ऑगस्टपर्यंत थांबल्या. ३० जुलैच्या पहाटे केरळात वायनाडमधील मुंडक्कई आणि चूरलमला ही वस्त्यांची गावे चिखलाच्या लोंढ्याने पुसली गेली. अडीचशेहून अधिक माणसे दगावली. पाऊस सगळीकडे अतोनात होता. पण यांतल्या प्रत्येक ठिकाणी जमीन पावसाआधी कोणत्या स्थितीत होती, हा प्रश्न वेगळा आहे, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

दरड कोसळण्याची क्रिया समजायला अवघड नाही. उतारावरची माती स्वतःच्या वजनाने खाली ओढली जात असते. तिला धरून ठेवते ते मातीच्या कणांमधील घर्षण, चिकटपणा आणि झाडांची मुळे. पाऊस मुरत गेला की कणांमधील पोकळ्या पाण्याने भरतात, त्या पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर सारतो आणि घर्षण घटते. वजन मात्र वाढलेले असते. एका मर्यादेनंतर उताराचा तुकडा खालच्या थरावरून घसरतो. कोकण आणि कारवारच्या पट्ट्यात हा खालचा थर कोणता असतो, हे महत्त्वाचे आहे. वर जांभ्याची कडक टोपी असते. तिच्याखाली कुजलेल्या खडकाची पांढुरकी, साबणासारखी मऊ माती असते. किनारपट्टीवर तिला शेडी म्हणतात. कोरडी असताना ती कुदळीलाही दाद देत नाही, आणि पाणी लागले की विरघळत जाते. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी वरून आत शिरते आणि शेडीपाशी थबकते. डोंगराच्या पायथ्याला झरे फुटतात ते याच जागी. जुन्या वाटा या झऱ्यांना वळसा घालून काढलेल्या आढळतात.

नवा महामार्ग वळसा घालत नाही. चौपदरी रस्त्याला ठरावीक रुंदी, सौम्य वळणे आणि सौम्य चढ लागतो, म्हणून डोंगराचा पायथा कापावा लागतो. पायथा हा उताराचा आधार असतो. तो काढला की वरचा भाग लोंबकळतो. कापलेल्या उघड्या तोंडातून शेडीचा थर पावसाला सामोरा येतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने शिरूरच्या घटनेनंतर केलेल्या प्राथमिक पाहणीत पावसाच्या जोडीला रस्त्यासाठी बदललेला आणि संरक्षण न दिलेला उतार हे कारण नोंदवले. दोड्डतप्पलुच्या दरडीनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी पाहणी केली, तेव्हा त्यांनीही डोंगर काटकोनात उभा कापल्यावर बोट ठेवले.

डोंगर उभा का कापला जातो? अभियंत्यांना उतार कळत नाही म्हणून, हे उत्तर खरे नाही. महाविद्यालयात हा भाग शिकवला जातो. खरे उत्तर भूसंपादनाच्या नकाशात आहे. वीस मीटर उंचीची कापणी पंचेचाळीस अंशांच्या उताराने करायची तर रस्त्याच्या कडेपासून आणखी वीस मीटर जमीन लागते. तीस अंशांचा उतार ठेवायचा तर जवळजवळ पस्तीस मीटर. उभी भिंत कापली तर जादा जमीन लागतच नाही. महामार्गासाठी घेतलेल्या पट्ट्याची रुंदी आधी ठरलेली असते, ती बहुधा सपाटीवरच्या गरजेनुसार ठरते, आणि घाटात पोहोचल्यावर अभियंत्याला त्याच पट्ट्यात डोंगर बसवायचा असतो. जमीन घेणे हा प्रकल्पातील सर्वांत महाग आणि सर्वांत कटकटीचा भाग. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील भरपाईच्या तरतुदी २०१५ पासून महामार्गांनाही लागू झाल्या आणि हा खर्च वाढला. वनजमीन असेल तर परवानगीला वर्षे लागतात. त्यामुळे पट्टा अरुंद ठेवण्याचा मोह प्रत्येक टप्प्यावर असतो.

जी जमीन पैसे देऊन घेतली गेली नाही, ती पुढे पावसाळ्यात फुकट घेतली जाते. कापणीच्या माथ्यावर ज्याचे घर किंवा आंब्याची बाग आहे, त्याची जमीन कागदोपत्री रस्त्याच्या हद्दीबाहेर असते. त्याला नोटीस येत नाही, मोबदला मिळत नाही, हरकत घ्यायला सुनावणी नसते. चार पावसाळ्यांनी अंगणाला भेग पडते. मग घर धोकादायक ठरते, स्थलांतराची सूचना मिळते, आणि झालेल्या नुकसानीला नैसर्गिक आपत्ती असे नाव मिळते. प्रकल्पाच्या खर्चात जे वाचले ते या घरमालकाच्या खात्यातून वळते झालेले असते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांप्रमाणे पूर्ण पडलेल्या घरासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. भूसंपादनात त्याच घराची किंमत ठरली असती तर जमिनीचा बाजारभाव, त्यावरचा गुणक, बांधकामाचे मूल्य आणि तितकीच दिलासा रक्कम असा हिशेब झाला असता. एकाच घराची ही दोन मोले आहेत, आणि त्यांतले कोणते लागू होणार हे नकाशावरच्या एका रेषेवर ठरते.

शिरूरमध्ये या रेषेचा फोलपणा भीषण रीतीने दिसला. डोंगराच्या पायथ्याशी महामार्गालगत चहाचे हॉटेल होते. ते चालवणारे कुटुंब त्यात गेले. तेथे थांबलेले ट्रकचालक गेले. गॅसचा टँकर नदीत फेकला गेला. दरडीची माती महामार्ग ओलांडून गंगावळी नदीत इतक्या वेगाने शिरली की पाण्याची भिंत उठून पलीकडच्या तीरावर उळुवरे गावावर आदळली, तेथली घरे मोडली आणि एका स्त्रीचा जीव गेला. उळुवरे रस्त्यावर नाही, डोंगराखाली नाही, नदीच्या दुसऱ्या बाजूला आहे. कोणत्याही भूसंपादनाच्या नकाशात त्या गावाचा उल्लेख येण्याचे कारण नव्हते. एकूण अकरा माणसे गेली, त्यांतल्या दोघांचे देह हाती लागले नाहीत. केरळकडे लाकूड नेणारा ट्रक आणि त्याचा चालक सप्टेंबरच्या अखेरीस, गोव्याहून आणलेल्या ड्रेजरने नदीचा तळ उपसल्यावर सापडला. महामार्गावरची वाहतूक तोवर केव्हाच सुरू झालेली होती. तिच्याविना किनारपट्टीचे व्यवहार अडतात हे खरेच आहे. पण आपत्तीनंतर आधी काय उभे राहते आणि नंतर काय, याचा क्रम येथे उघड दिसतो.

रस्ता तुटण्याची किंमत पीण्याला माहीत नाही असे नाही. गोरगुंटेपाळ्यापासून पीण्यावरून जाणारा उड्डाणपूल २०१० मध्ये खुला झाला आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्याच्या आतील ताण देणाऱ्या तारा गंजल्याचे आढळून तो बंद करावा लागला. हलक्या वाहनांना २०२२ च्या सुरुवातीला परवानगी मिळाली. अवजड वाहने जुलै २०२४ अखेरपर्यंत, म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळ, खालच्या कोंडीतूनच गेली. या काळात उद्योजकांच्या संघटनांनी सतत पाठपुरावा केला, भारतीय विज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांना पाचारण झाले, तारा बदलण्याचे काम मार्गी लागले. पूल शहरात होता, त्याची गैरसोय लाखो माणसांना रोज दिसत होती, म्हणून त्याचा हिशेब ठेवला गेला. शिराडी घाट बंद पडतो तेव्हा ट्रक चारमाडी घाटाने किंवा कोडगूतून संपाजे घाटाने वळवले जातात, भाडे वाढते, कंटेनर बंदरावर उशिरा पोहोचतो, बोट चुकते. कारखानदार हा खर्च पावसाळ्याचा म्हणून सोसतो. तो कोणत्या कापणीमुळे आला, हे त्याच्या बिलावर लिहिलेले नसते. ऑगस्ट २०१८ मध्ये कोडगूत शेकडो ठिकाणी डोंगर खचले तेव्हा संपाजेचा पर्यायी मार्गही अनेक महिने निकामी होता, आणि शिराडीही बंद होता. एकाच पर्वताच्या एकाच पावसात सगळे पर्याय सापडतात, त्यामुळे पर्यायी घाट हे कागदावर दिसते तितके भरवशाचे उत्तर नाही.

महाराष्ट्रात हाच पेच परशुराम घाटाने दाखवला. चिपळूणजवळच्या या घाटात माथ्यावर परशुराम गाव आणि पायथ्याला पेढे गाव, मधून महामार्ग ६६. रुंदीकरणासाठी डोंगर कापला की वरच्या गावाची जमीन सुटते आणि सुटलेली माती खालच्या गावाकडे निघते. एप्रिल-मे २०२२ मध्ये तर पावसाळ्याआधी काम उरकण्यासाठी घाट दररोज दुपारी काही तास बंद ठेवावा लागला होता. त्यानंतरही प्रत्येक पावसाळ्यात तेथे संरक्षक भिंती आणि भरावांची डागडुजी चालू राहिली. भिंत मातीला धरते, पाण्याला धरत नाही. भिंतीमागे साचलेल्या पाण्याला वाट नसेल तर तीच भिंत पुढे दरडीचा भाग होते. घाटातील खर्चापैकी किती पैसा काँक्रीटवर जातो आणि किती पाणी काढून देणाऱ्या चरांवर, छिद्रांवर, माथ्यावरच्या गटारांवर जातो, हे प्रमाण पाहिले तरी पुष्कळ कळते. चर दिसत नाही, त्याचे उद्घाटन होत नाही, आणि दर मे महिन्यात तो साफ करणारी माणसे लागतात.

हे सगळे वाचून दरडींचे कारण रस्ता एवढेच, असा निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल. रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीला रस्ताच नव्हता. १९ जुलै २०२३ च्या रात्री तेथील ठाकर आदिवासींची वाडी मातीखाली गेली तेव्हा बचावपथकांना पावसात, अंधारात डोंगर चढून जावे लागले आणि कोणतेही यंत्र वर नेता आले नाही. सत्तावीस मृतदेह निघाले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. पुणे जिल्ह्यातील माळीणमध्ये ३० जुलै २०१४ रोजी दीडशेहून अधिक माणसे गेली. तेथे डोंगरावर यंत्राने केलेले शेतीसाठीचे सपाटीकरण हे कारण पुढे आले आणि त्यावर जाणकारांत मतभेद राहिले. महाड तालुक्यातील तळीयेत २२ जुलै २०२१ रोजी ऐंशीहून अधिक लोकांचा जीव गेला. सह्याद्रीचे उतार मुळातच अस्थिर आहेत. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मोजणीप्रमाणे देशाचे सुमारे ४ लाख २० हजार चौरस किलोमीटर क्षेत्र, म्हणजे १२.६ टक्के भूमी, दरडप्रवण आहे आणि त्यातले सुमारे ९० हजार चौरस किलोमीटर पश्चिम घाट व कोकणातील डोंगरांत येते. इरशाळवाडीतून निघणारा धडा उलट दिशेचा आहे. रस्ता नसणे हे तेथल्या लोकांसाठी संरक्षण ठरले नाही. मदत पोहोचायलाही रस्ता हवा असतो. घाटातल्या माणसांना रस्ता नको आहे, असा कोणाचाही दावा नाही. वाद रस्त्याच्या असण्याबद्दल नसून त्याच्या हिशेबाबद्दल आहे.

समुद्राकडच्या बाजूला हिशेब असाच चुकतो, फक्त मातीच्या जागी वाळू येते. किनारा ही स्थिर रेघ नाही. नद्या डोंगरातून वाळू आणून टाकतात, लाटा ती किनाऱ्याला समांतर पुढे सरकवतात, पावसाळ्यात समुद्र पुळण खातो आणि हिवाळ्यात बरीचशी परत आणून टाकतो. नदीमुखाशी किंवा बंदराशी समुद्रात लांब बांध घातला की ही वाटचाल अडते; बांधाच्या एका बाजूला वाळू साचते आणि दुसरी बाजू उपाशी राहते. वर धरणांनी गाळ अडवला आणि नदीपात्रातून वाळू उपसली गेली तर मुळातली आवकच घटते. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रांवरून भारताच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी ३३.६ टक्के भागाची धूप होत असल्याचे नोंदवले आहे.

मंगळूरच्या दक्षिणेला उळ्ळालचा किनारा या विषयाचा परिचित दाखला आहे. नेत्रावती आणि गुरुपूर या नद्यांच्या एकत्र मुखाशी बांध घातल्यावर दक्षिणेकडच्या वस्त्यांना वाळूचा तुटवडा जाणवू लागला, घरे आणि नारळाची झाडे समुद्रात गेली, आणि पुढे सोमेश्वर-उच्चिल भागात किनाऱ्याचा रस्ताही लाटांनी तोडला. आशियाई विकास बँकेच्या कर्जातून २०१० नंतर येथे समुद्रात बुडते बांध आणि किनाऱ्याशी दगडी रचना करण्यात आली. याच कार्यक्रमात महाराष्ट्रातील रत्नागिरीजवळच्या मिऱ्या किनाऱ्याचाही समावेश होता. उळ्ळालच्या ज्या टप्प्यात काम झाले तेथे दिलासा मिळाला, आणि धूप त्याच्या पुढच्या टप्प्याकडे सरकल्याची तक्रार सुरू झाली. दगडी बंधारा लाटेची सगळी शक्ती जिरवत नाही, काही परतवतो. परतलेली लाट बंधाऱ्याच्या पायाची वाळू ओढून नेते, दगड खचतात, पुढच्या वर्षी आणखी दगड टाकावे लागतात. बंधाऱ्याच्या टोकाला, जेथे निविदा संपते, तेथून पुढची वाडी आधीपेक्षा वेगाने झिजते. कुंदापूरजवळ मरवंतेला महामार्ग ६६ एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी यांच्यामधून जातो. तेथे रस्ता वाचवणे अपरिहार्य आहे, म्हणून तेथे खर्च होतो. मालवण तालुक्यातील देवबाग कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या तशाच चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. तेथून महामार्ग जात नाही. तेथे बंधाऱ्याची मागणी दर उधाणाला नव्याने करावी लागते.

पीण्याचा या किनाऱ्याशी दोन अंगांनी संबंध येतो. त्याचा काही माल मंगळूरच्या बंदरातून जातो, हा एक. बंदरे आणि त्यांचे बांध पठारावरच्या उद्योगांसाठीही असतात. दुसरा संबंध वाळूचा. बंगळूरच्या बांधकामांच्या तेजीत किनारी जिल्ह्यांच्या नद्यांमधील वाळू घाट चढून शहरात येत राहिली, तिच्या बेकायदा उपशावर आणि वाहतुकीवर वारंवार कारवाया झाल्या, आणि दगड दळून केलेल्या वाळूला सरकारने प्रोत्साहन दिले त्यामागे हेही कारण होते. नदीतून काढलेली वाळू पुळणीवर पोहोचत नाही. दूरच्या शहरातल्या शेडची भिंत आणि उळ्ळालच्या कोळ्याचे पडलेले घर यांमध्ये कारणांची जी साखळी आहे, तिच्यातली प्रत्येक कडी सरळ मोजता येत नाही. पण साखळी आहे, हे नाकारता येत नाही.

कायद्याच्या नजरेत दरड आणि धूप यांत मोठा फरक आजवर राहिला आहे. दरड ही केंद्राने मान्य केलेल्या आपत्तींच्या यादीत आहे. किनाऱ्याची धूप नाही; ती सावकाश होते म्हणून. घर एका रात्रीत गेले तर ती आपत्ती, दहा पावसाळ्यांत थोडेथोडे गेले तर नाही. पंधराव्या वित्त आयोगाने ही उणीव ओळखली आणि २०२१ ते २०२६ या काळासाठी धूप रोखण्याच्या उपायांना १,५०० कोटी आणि धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी रुपयांची शिफारस केली. नदीकाठ आणि समुद्रकिनारा दोन्ही त्यात धरलेले, आणि साऱ्या देशासाठी. म्हणजे रक्कम मोठी नाही. तरी गमावलेल्या जमिनीला पुनर्वसनाचा हक्क लागतो हे तत्त्व त्यातून प्रथमच स्वच्छपणे मांडले गेले. ते तत्त्व महत्त्वाचे आहे.

पुनर्वसनाचा अनुभवही नोंदवायला हवा. माळीणसाठी जवळच आमडे येथे नवे गाव बांधले गेले, एप्रिल २०१७ मध्ये त्याचे उद्घाटन झाले, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात नव्या गावाचे रस्ते खचले, भराव सरकले. तेथेही उतार कापूनच सपाटी केलेली होती. तळीयेच्या घरांना वर्षे लागली. इरशाळवाडीच्या कुटुंबांना चौकजवळ सिडकोने घरे बांधून दिली, पण डोंगरावरची नाचणी-वरीची शेती, रानातला मध आणि भाजी, गुरांचे चरणे घराबरोबर खाली येत नाही. मच्छीमाराचे घर दोन किलोमीटर आत नेले तर त्याच्या होडीवर, जाळ्यांवर आणि मासळी वाळवण्याच्या जागेवर नजर ठेवायची कोणी, हा प्रश्न उरतो. चार भिंती आणि पत्रा यांचे मोल १ लाख ३० हजार धरले तरी उपजीविकेच्या अंतराचे मोल कोणत्याही निकषात नाही. बाहेर फेकली गेलेली ही माणसे पुढे शहराकडे वळतात. औद्योगिक वसाहतींच्या भोवती भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांत उजाड झालेल्या गावांतून आलेली कुटुंबे असतात, आणि कामगारभरतीच्या कागदात गाव सोडण्याचे कारण विचारलेले नसते.

हिशेब बदलता येतो, याचा पुरावा सह्याद्रीतच आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली तेव्हा तिच्याही कापण्या उभ्या आणि कच्च्या होत्या. २२ जून २००३ च्या रात्री सिंधुदुर्ग जिल्ह्यात वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांना गाडी धडकून पन्नासच्या आसपास प्रवासी मेले. पुढच्याच जूनमध्ये महाडजवळ करंजाडी येथे तसाच अपघात झाला. त्यानंतर रेल्वेने उताराची जबाबदारी स्वतःकडे घेतली. कापण्यांचे उतार सौम्य केले, टप्पे पाडले, सैल दगड काढले, पोलादी जाळ्या बसवल्या, पाणी काढून देणारे चर केले, पावसाची आपोआप नोंद करणारी मापके लावली, गस्त वाढवली. पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक केले, ज्यात गाड्या सावकाश धावतात आणि मुसळधार पाऊस असेल तर आणखी सावकाश. माती आजही येते; दिवाणखवटीला २०२४ मध्ये ती आलीच आणि मार्ग सुमारे दिवसभर बंद राहिला. पण २००३ आणि २००४ सारखा संहार पुन्हा झाला नाही. यातली कोणतीही गोष्ट चमत्कारिक तंत्रज्ञानाची नाही. रेल्वेला हे जमले याचे मुख्य कारण असे की तिच्या रुळांवर पडणारा दगड तिच्याच गाडीवर पडतो. नुकसान आणि निर्णय एकाच संस्थेच्या पदरात आहेत. महामार्गाच्या बाबतीत आराखडा एकाचा, ठेका दुसऱ्याचा, टोल तिसऱ्याचा, आपत्तीचे पंचनामे महसूल खात्याचे आणि घर गावकऱ्याचे. या विभागणीत उताराला मालकच राहत नाही.

रेल्वेच्या उदाहरणातील दुसरी बाब वेगाची. पावसाळ्याचे चार महिने मार्ग मंद चालेल, हे तिने आधीच मान्य करून टाकले आणि प्रवाशांनीही ते स्वीकारले. घाटरस्त्याला मात्र बारमाही सपाटीचा वेग देण्याचा आग्रह धरला जातो. चौपदरी रुंदी घाटातही अखंड हवी, ही मागणी करणाऱ्यांत पठारावरचे उद्योग पुढे असतात. महामार्ग ७५ च्या हासन ते मारनहळ्ळी रुंदीकरणामागे हीच निकड होती. ती निकड खोटी नाही. बंदरावर वेळेत न पोहोचलेल्या मालाचा दंड छोट्या कारखान्याला खरोखर मोडतो. परंतु सौम्य कापणीसाठी अधिक रुंद जमीन घेतली तर अधिक जंगल आणि अधिक घरे जातात, हेही तितकेच खरे आहे. म्हणजे निवड तीन गोष्टींमधली आहे: रुंद पट्टा घेऊन त्याचा पूर्ण मोबदला देणे, बोगदे आणि खांबांवरचे पूल बांधून डोंगराला कमीत कमी हात लावणे, किंवा घाटात दोनच पदर ठेवून पावसाळ्यात वेग आणि वजन यांवर मर्यादा घालणे. चौथा मार्ग, अरुंद पट्ट्यात चार पदर आणि उभी भिंत, सर्वांत स्वस्त दिसतो, कारण त्याचा उरलेला खर्च इतरांच्या नावावर पडतो.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्रांची मांडणी केली आणि निर्णयाची सुरुवात ग्रामसभांपासून व्हावी असे सुचवले. त्यानंतर कस्तुरीरंगन यांच्या गटाने २०१३ मध्ये घाटाच्या ३७ टक्के क्षेत्रापुरती ती मर्यादा आणली. त्यावर आधारित अधिसूचनेचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडच्या दुसऱ्या दिवशी, निघाला. सप्टेंबरमध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने तो नाकारला. या वादात घाटातील शेतकऱ्यांची भीती समजण्यासारखी आहे: बंधने आपल्यावर आणि रस्ते, धरणे, खाणी मात्र इतरांसाठी, हा त्यांचा अनुभव आहे. खालच्या आणि वरच्या सपाटीवर राहणाऱ्यांनी आपल्या वाट्याची किंमत आधी मान्य केली तरच ती भीती कमी होण्याची शक्यता आहे.

शिराडी घाटाला बोगदे आणि पूल यांचा सुमारे तेवीस किलोमीटरचा पर्याय अनेक वर्षे चर्चेत आहे, आणि बंगळूर-मंगळूर दरम्यान वेगवान मार्गाचे प्रस्तावही पुढे येत असतात. असा कोणताही प्रस्ताव पीण्याच्या उद्योग संघटनांपुढे पाठिंब्यासाठी येईल तेव्हा त्यात तासांची बचत आणि टोलचा दर यांच्या शेजारी आणखी काही रकाने मागता येतील: प्रत्येक कापणीची उंची आणि कोन, तिच्या माथ्यापासून व पायथ्यापासून जमीन हलू शकेल अशा अंतरातील घरांची संख्या, नदीपलीकडच्या गावांसह, त्या घरांना रस्त्याच्या हद्दीत धरून दिलेला मोबदला, काढलेली माती कोठे टाकणार, चर आणि मापके यांच्या देखभालीसाठी टोलमधून दरवर्षी बाजूला ठेवायची रक्कम, आणि किती मिलिमीटर पाऊस झाल्यावर वाहतूक थांबवायची, तो निर्णय कोणी घ्यायचा. १९ जुलै २०२४ रोजी, शिरूरनंतर तीनच दिवसांनी, कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू झाले आहे. त्याचा इशारा शिराडीच्या नाक्यावर पोहोचून ट्रक थांबवू शकतो, आणि थांबलेल्या ट्रकवरचा माल उशिरा पोहोचल्याबद्दल दंड न लावण्याची अट खरेदीदार कंपन्यांच्या करारात घालता येते. ती अट घालण्याचे काम घाटात होत नाही. ते पीण्यातच होते.